वसईच्या घंटा

स्पेनच्या दक्षिण भागात फिरायला जाणाऱ्याला तिथले लोक तीन शहरे हटकून दाखवतात : सेव्हिल, कॉर्डोबा आणि ग्रानाडा. सेव्हिलमध्ये हिराल्दा नावाचा मनोरा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तो मशिदीचा मिनार म्हणून उभा राहिला. वर जायला पायऱ्या नाहीत. एकामागून एक अशा ३५ चढणी आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून ही सोय, असे सांगतात. १२४८ साली शहर ख्रिस्ती राजाने जिंकले आणि पुढे सोळाव्या शतकात मिनाराच्या माथ्यावर घंटांचा मजला चढला. आज जमिनीपासून टोकापर्यंत त्याची उंची शंभर मीटरहून थोडी अधिक भरते. कॉर्डोबात याहून चमत्कारिक दृश्य आहे. शेकडो खांबांच्या मशिदीच्या ऐन मध्यावर सोळाव्या शतकात एक कॅथीड्रल उभारले आहे. दोन्ही वास्तू एकाच छपराखाली नांदतात. ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात एका बुरुजावर घंटा आहे. रात्री तिचे टोल मोजून खालच्या मैदानातले शेतकरी पाटाच्या पाण्याची आपापली पाळी ओळखत. १४९२ साली २ जानेवारीला ग्रानाडा पडले, म्हणून दर वर्षी त्या दिवशी ही घंटा वाजते. त्या दिवशी जी मुलगी ती वाजवील तिचे वर्षात लग्न ठरते अशी समजूत असल्यामुळे बुरुजावर मोठी गर्दी उसळते!

ही शहरे पाहायला जगभरातून लोक येतात ते केवळ सुंदर कमानी बघायला नव्हे. एका धर्माची वास्तू दुसऱ्याच्या हाती गेली की तिचे काय होते, हे तिथे दगडांत पाहायला मिळते. आपल्या शाळेची सहल स्पेनला जाणार नाही. पण वसई रोड स्टेशनवर उतरून बसने पाऊण तासाच्या आत पोचता येईल असे एक ठिकाण आपल्याकडेही आहे. वसईचा कोट पोर्तुगीजांचा, हे आपण जाणतोच. पण १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांचा राजा एकच होता, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणजे सेव्हिलवर ज्याची सत्ता होती त्याचीच वसईवरही होती. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कन संन्याशांना मिळाला आणि १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, तो याच काळात. १८६२ साली त्याला संतपद मिळाले.

या लेखात मला कोटातल्या सगळ्याच गोष्टींविषयी लिहायचे नाही. कोटात नसलेल्या एका वस्तूविषयी लिहायचे आहे.

मनोरा आहे, घंटा नाही

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात शंभरावर एकरांचे तटबंदीचे शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचे चर्च आणि मठ त्यात होते. आज छपरे नाहीत, भिंती आहेत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा मात्र ताठ उभा आहे. आतला गोल जिना इतका अरुंद की खाली येणारा आणि वर जाणारा समोरासमोर आले तर एकाला मागे फिरावे लागते. असा मनोरा बांधण्याचा खटाटोप कशासाठी होता? टेहळणीसाठी तटावर बुरुज होतेच. मनोरा होता घंटेसाठी. पहाट, दुपार, संध्याकाळ, लग्न, मृत्यू, आग, शत्रूचे गलबत हे सारे शहराला कळे ते घंटेच्या आवाजावरून. त्या घंटा गेल्या कुठे?

त्या गेल्या देवळांत. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी-वसईची मोहीम सुरू झाली. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या सुरुवातीस वसईला वेढा आवळला. पोर्तुगीजांच्या तोफांचा मारा सोसत मराठ्यांचे सुरुंगवाले तटापर्यंत पोचले. मे महिन्यात सुरुंग उडाले, तटाला भगदाडे पडली आणि दोन दिवस घनघोर लढाई झाली. मराठ्यांची हजारो माणसे मेली वा जखमी झाली. शेवटी पोर्तुगीजांनी कोट खाली करण्याची बोलणी लावली. तहात त्यांना शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा ठेवली.

शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे आणि काहींत १६ मे अशी आढळते. विद्यार्थी गोंधळतात, आणि क्वचित शिक्षकही एक तारीख चूक ठरवून मोकळे होतात. दोन्ही बरोबर आहेत. स्पेन-पोर्तुगालने १५८२ मध्येच पोप ग्रेगरीचे नवे पंचांग स्वीकारले होते. मुंबईचे इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरत, आणि अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. इंग्रजांच्या दप्तरातून तारीख घेतली की ५ येते, पोर्तुगीजांच्या दप्तरातून घेतली की १६ येते. लीप वर्षाचा धडा शिकवताना हे उदाहरण वापरून पाहा. मुलांना पृथ्वीचे सूर्याभोवतीचे फिरणे आणि वसईची लढाई एकाच फळ्यावर मांडलेली फार आवडते.

विजयानंतर चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या आणि देवांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरच्या देवळापुढे एक टांगलेली आहे, तिच्यावर १७२९ हा आकडा आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे, तिच्यावर १७२१. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची प्रतिमा आणि १७०७ हे साल आहे. पुण्याचे ओंकारेश्वर, थेऊरचा चिंतामणी, पालीचा बल्लाळेश्वर ही नावेही या मालिकेत घेतली जातात. लोकप्रिय पुस्तकांत ‘चिमाजी अप्पांनी पाच घंटा आणल्या’ असे एक वाक्य असते. मी वर सहा ठिकाणे सांगितली, आणि ही यादी इथेच संपत नाही. पाच हा आकडा कुणीतरी मोजून लिहिला असेल असे मला तरी वाटत नाही. पंचप्राण, पंचामृत, पाच सुवासिनी यांच्या पंगतीतला तो पाच असावा.

घंटेची साक्ष कशी तपासावी

आपल्या गावच्या देवळात जुनी परदेशी घडणीची घंटा असेल तर ‘ही वसईची’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. हे खरे की खोटे, ते शाळेतली मुलेही बऱ्याच अंशी ठरवू शकतात.

पहिली गोष्ट, साल. १७३९ नंतरचे साल असलेली घंटा त्या वेढ्यातली असूच शकत नाही. त्याआधीचे असेल तर ती असू शकते, एवढेच म्हणता येते. रेवदंड्याची किंवा साष्टीतल्या एखाद्या चर्चचीही असेल. इथे मुलांना तर्कशास्त्रातला एक महत्त्वाचा भेद आपोआप कळतो : एखादी अट आवश्यक असते, पण पुरेशी नसते.

दुसरी गोष्ट, ते साल लिहिले कसे आहे? अक्षरे पृष्ठभागातून वर उठलेली आहेत की आत खोदलेली? उठलेली अक्षरे घंटा ओततानाच साच्यातून येतात, मागाहून आणता येत नाहीत. खोदलेला मजकूर मात्र कोणीही, केव्हाही खोदू शकतो. वरून हलका कागद ठेवून पेन्सिल फिरवली की ठसा मिळतो आणि हाताला फरकही कळतो. (पुजाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. कुतूहलाने विचारले तर ते सहसा नाही म्हणत नाहीत, उलट आणखी चार गोष्टी सांगतात.)

तिसरी गोष्ट, बाकीच्या तारखांशी मेळ. नानांचा जन्म १७४२ चा. वसई पडली तेव्हा मेणवलीचा वाडा तर सोडाच, वाड्याचा धनीही जन्मलेला नव्हता. नारोशंकराचे देऊळ १७४७ सालचे, म्हणजे विजयानंतर आठ वर्षांनी बांधलेले. तेव्हा ‘चिमाजी अप्पांनी घंटा आणून या देवळात बांधली’ हे वाक्य इथे जसेच्या तसे टिकत नाही. घंटा वसईची असली, तरी मधली काही वर्षे ती कुठल्यातरी कोठारात, छावणीत किंवा दुसऱ्या देवळात असणार. खंडण्या, बक्षिसे, नजराणे यांबरोबर घंटाही सरदारांत फिरल्या असतील, असे मी समजतो.

१७०७, १७२१, १७२९ या सालांकडे आणखी एका नजरेने पाहा. चर्चे सोळाव्या-सतराव्या शतकातली; घंटा मात्र वेढ्याच्या वेळी जेमतेम दहा ते बत्तीस वर्षांच्या. असे का? घंटा वाजवून वाजवून तडकते, आणि तडकलेली घंटा फोडून, वितळवून तोच धातू पुन्हा ओततात. त्यामुळे १७०७ च्या घंटेत तिच्या आजीपणजीचे तांबे असणे अगदी शक्य आहे. या घंटा पोर्तुगालहूनच आल्या असे सर्रास लिहिले जाते, पण मोठ्या घंटा इकडेही ओतल्या जात. जुन्या गोव्यातल्या से कॅथीड्रलची प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतलेली आहे.

कांसे आणि तोफ

‘पंचधातूची घंटा’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी बसला आहे. प्रत्यक्षात घंटेचा धातू म्हणजे दोनच धातूंचे मिश्रण : शंभरांत साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. शिसे, जस्त वगैरे सापडतात ते बहुधा थोडेसे, मळ म्हणून. गंमत अशी की आपले कांसे नेमके याच प्रमाणाचे असते. वारकऱ्यांचे टाळ, आजीची काशाची वाटी आणि वसईच्या चर्चची घंटा या एकाच घराण्यातल्या. पोर्तुगीजांची घंटा हाती आली तेव्हा मराठी ओतारी-कासारांना तिच्यात अनोळखी काही दिसले नसेल. चकित केले असेल ते तिच्या आकारमानाने.

शुद्ध तांब्यावर टोला मारला तर ‘थद्’ असा आवाज येऊन विरतो. आघाताची ऊर्जा धातूच्या आतल्या आत, स्फटिकांच्या घसरण्यात, उष्णता होऊन जाते. कथील वाढवले की मिश्रधातू कडक होतो, आतली घसरण थांबते, आणि कंपने कितीतरी सेकंद टिकतात. पण त्याची किंमत मोजावी लागते : धातू ठिसूळ होतो. उंचावरून पडलेली घंटा पोचत नाही, फुटते. म्हणूनच मनोऱ्यातून घंटा सुखरूप उतरवणे हे कसबाचे काम असते. दोरखंड, कप्प्या, खाली गवताच्या गंज्या. मग बैलगाडीवर लादून सह्याद्रीचे घाट चढवायचे. भीमाशंकर तीन हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे.

तोफेसाठी मात्र कडकपणापेक्षा चिवटपणा हवा, नाहीतर ती गोलंदाजांच्याच अंगावर फुटेल. म्हणून पितळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या तोफांच्या काशात कथील दहा टक्क्यांच्या आसपास असे. समजा १०० किलो घंटा वितळवून तोफ ओतायची आहे. तिच्यात २२ किलो कथील आहे. ते दहा टक्के व्हायचे तर एकूण धातू २२० किलो हवा. म्हणजे वर १२० किलो तांबे घालावे लागेल. सातवी-आठवीच्या मुलांना हे शेकडेवारीचे उदाहरण द्या. धान्यात खडे मिसळणाऱ्या दुकानदाराच्या गणितापेक्षा त्यात रस वाटतो.

युरोपात हा हिशेब रोजचाच होता. वेढा घालून घेतलेल्या गावाच्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई आणि गावकऱ्यांना पैसे भरून त्या सोडवाव्या लागत. फ्रेंच राज्यक्रांतीत घंटांच्या तोफा आणि नाणी झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने युरोपभरातून दीड लाखाहून अधिक घंटा उतरवल्या, त्यांतल्या बहुतेक वितळल्या. मराठ्यांना तर तोफांची सदैव टंचाई असे. मग त्यांनी वसईच्या घंटा का वितळवल्या नाहीत? सावध उत्तर असे, की वितळवल्या असतीलही. आपल्याला दिसतात त्या फक्त वाचलेल्या. वितळलेली घंटा कुणाला पुरावा दाखवायला येत नाही. पण ज्या वाचल्या त्या का वाचल्या, याचे उत्तर देवळात आहे. आपल्याकडे देवापुढे घंटा लागतेच. तिला तिथे तयार जागा होती.

घंटेत किती स्वर असतात?

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर निघतात. घंटेचे तसे नाही. तिचे उपस्वर तिच्या आकारावरून ठरतात. चांगल्या युरोपीय घंटेत ओतारी हे स्वर आकार घासून-तासून जुळवतो : मुख्य स्वर षड्ज धरला, तर खाली मंद्र षड्ज, वर तार षड्ज, मध्ये पंचम, आणि सर्वांत लक्षात राहणारा कोमल गंधार. वारंवारतांचे प्रमाण अर्धा, १, १.२, १.५, २ असे. चर्चच्या घंटेत जी उदासी आपल्याला ऐकू येते ती त्या कोमल गंधाराची असावी. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये याकोब फान आइक नावाच्या अंध वादकाने हे स्वर कानाने वेगळे ओळखले आणि हेमोनी बंधूंनी ते जुळवलेल्या घंटा ओतल्या. वसईला आलेल्या साऱ्याच घंटा इतक्या काटेकोर असतील असे नाही. आता मोबाइल फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारी फुकट साधने मिळतात. देवळातली घंटा एकदाच वाजवून तिचे स्वर वर्गात पडद्यावर दाखवता येतात.

घंटेचा नाद विरताना ‘व्हॉंव-व्हॉंव’ असा हेलकावे खातो, तो कशाने? याचे उत्तर चहाच्या कपात आहे. कान असलेला चिनी मातीचा कप घ्या. काठावर चमच्याने आधी कानाच्या बरोबर समोर टकटक करा, मग तिथून ४५ अंश सरकून करा. दुसऱ्या ठिकाणी स्वर स्पष्टपणे चढा लागतो. कपाची कड गोलाची लंबगोल, लंबगोलाची गोल अशी हलते. पहिल्या वेळी कानाचे वजन त्या हलण्यात सामील असते, दुसऱ्या वेळी नसते. घंटेला कान नसतो, पण ओतीव वस्तू पूर्ण सममित कधीच नसते. कुठे भिंत केसभर जाड, कुठे उठावाची प्रतिमा. त्यामुळे एकाच स्वराचे दोन अगदी जवळचे स्वर होतात आणि त्यांच्यातून विस्पंद ऐकू येतात. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ आहेत. तेवढ्या धातूनेही तिच्या आवाजात किंचित फरक पडला असणार.

आकारमानाचे गणित तर आणखी सोपे. एकाच घडणीच्या दोन घंटांत व्यास दुप्पट झाला की स्वर एक सप्तक खाली जातो आणि वजन आठपट होते. साधारण एक मीटर व्यासाची चर्चची घंटा सहाशे किलोंच्या आसपास भरते. दोरीने काठाचा परीघ मोजा, व्यास काढा, घन करा आणि सहाशेने गुणा. देवळात सांगितले जाणारे वजन या आकड्याच्या दुप्पट वा निम्मे असले तर वाद घालू नये, पण वहीत नोंद ठेवावी.

गोखिवऱ्यात ऐकू येई का?

गोखिवरे येथे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने मला विचारले, की कोटातली घंटा पूर्वी आमच्या गावापर्यंत ऐकू येत असेल का? प्रश्न छान आहे. गोखिवरे रेल्वेच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराकडे. कोट नैर्ऋत्येला, सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर. आपण दहा धरू.

मोठ्या घंटेचा आवाज एक मीटरवर ११० डेसिबेल मानू. अंतर दुप्पट झाले की ध्वनी ६ डेसिबेलने घटतो, दसपट झाले की २० ने. एक मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंत चार दसपटी होतात, म्हणजे ८० गेले. शिवाय हवा स्वतःच ध्वनी शोषते. घंटेच्या मधल्या स्वरांसाठी दर किलोमीटरला अडीच डेसिबेल धरले तर आणखी २५ गेले. उरले ५. गावची शांत रात्रही पंचवीस-तीस डेसिबेलची असते. रातकिडे, पाने, कुत्री. म्हणजे एरवी ऐकू येणार नाही. तेच गणित चार किलोमीटरवरच्या पापडीसाठी करा : ११० मधून ७२ आणि १० वजा जाता २८. तिथे शांत पहाटे घंटा कानावर पडत असणार.

पण ‘एरवी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. वसईला दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा वाहतो. वर वारा जोराचा आणि जमिनीलगत मंद असल्याने वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी खाली वाकतो. थंडीच्या पहाटे जमीन गार आणि वरची हवा ऊबदार असते, तेव्हाही ध्वनीचे वक्रीभवन होऊन तो जमिनीलगत दूर जातो. मग वाटेतल्या झाडाघरांनी होणारी घटही टळते. मधल्या भातखाचरांत पाणी साचलेले, वाहन एकही नाही, अशा अठराव्या शतकातल्या एखाद्या थंड पहाटे माणिकपूरच्या पुढेही काही अंतर आवाज पोचला असेल. गोखिवऱ्याला तो पोचला असेल असे मी म्हणणार नाही. पोचला असेल तर मात्र घंटा वाजल्यानंतर जवळजवळ अर्ध्या मिनिटाने! नारोशंकराची घंटा पाच मैलांवर ऐकू येई असे नाशिकला सांगतात. तिचे गणित वर्गाने करावे.

कॉर्डोबाच्या घंटा

आता पुन्हा स्पेनकडे वळतो, कारण तिथल्या इतिहासात आपल्या या गोष्टीची जुळी बहीण आहे. ९९७ साली कॉर्डोबाच्या खिलाफतीचा सेनापती अल्-मन्सूर याने उत्तरेतले ख्रिस्ती तीर्थक्षेत्र सांतियागो लुटले. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्डोबाला आणल्या आणि मशिदीत उलट्या टांगून त्यांचे दिवे केले, असे तेराव्या शतकातल्या बखरी सांगतात. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनांडने कॉर्डोबा घेतले. त्याने त्या घंटा पुन्हा सांतियागोला पाठवल्या, आणि या वेळी खांदे मुसलमान कैद्यांचे होते. २३९ वर्षांनी अपमानाची नेमकी परतफेड! मोरोक्कोत फेस शहरातल्या करवियीन मशिदीत असे घंटांचे दिवे आजही टांगलेले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा १३३३ मध्ये जिब्राल्टर घेतल्यावर तिथून नेलेला आहे.

मशिदीत घंटेला काम नाही, म्हणून ती मुकी होऊन दिवा झाली. देवळात घंटेला काम आहे, म्हणून इकडे ती वाजत राहिली. पण तिचे काम बदलले. चर्चमध्ये ती उंचावर असते, एकजण दोर ओढतो, घंटा स्वतः झुलते आणि सगळ्या गावाला बोलावते. देवळापुढे ती हाताला येईल इतकी खाली, स्थिर टांगलेली असते. प्रत्येक येणारा आतला लोळा ओढून आपण आल्याचे देवाला कळवतो. या बदलाची खूण धातूवरही उमटते. स्थिर घंटेवर लोळा वर्षानुवर्षे एकाच जागी आदळतो, तिथे खळगा पडतो आणि शेवटी तिथूनच ती तडकते. युरोपातले जाणकार म्हणून घंटा काही वर्षांनी थोडी फिरवून टांगतात. आपल्या देवस्थानांनाही हे करता येण्याजोगे आहे, खर्चही फारसा नाही.

हा धडा वसईत शिकवणे सोपे नाही. एकाच बाकावर नंदाखालच्या कुपारी ख्रिस्ती घरातला मुलगा आणि निर्मळच्या हिंदू घरातली मुलगी बसलेली असते. निर्मळचे देवस्थान पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले आणि १७३९ नंतर ते पुन्हा उभे राहिले. तिच्या घरी ही आठवण सांगतात. त्याच्या घरी चर्चच्या घंटा कुणी नेल्या ते सांगतात. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत. काही शिक्षक एक वगळून दुसरी सांगतात, काही जण कटकट नको म्हणून दोन्ही वगळून कोटाची लांबी-रुंदी सांगतात. माझ्या मते दोन्ही सांगाव्यात, त्याच तासाला, आणि कॉर्डोबाची गोष्ट तिसरी म्हणून जोडावी. आपले भांडण जगावेगळे नाही हे कळले की मुले जरा मोकळेपणाने बोलू लागतात. तो मुलगा घरी जे बोलतो ती मराठीचीच एक बोली आहे. आणि याच भागात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हेही त्याच तासाला सांगायला हरकत नाही.

वसईकडच्या चर्चमध्ये आजही घंटा वाजतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून एका मुलाने घड्याळ धरावे आणि नाद पूर्ण विरेपर्यंतचे सेकंद मोजावेत; देवळातल्या घंटेचे दुसऱ्या दिवशी तसेच. दोन्हींचा परीघ, लोळ्याची जागा, टोल्याची जागा झिजली आहे का, अक्षरे उठावाची की खोदलेली, साल कोणते, हे सारे एकाच तक्त्यात लिहावे. भीमाशंकर किंवा मेणवलीला सहल गेली तर तिथल्या नोंदींसाठी शेवटी दोन रकाने मोकळे ठेवावेत.